एका बोल्टाला दिलेला वेळ

त्या मंगळवारी दुपारी मी शाळेच्या ग्रंथालयात होते. रज्जाकभाईंचा फोन आला. "भाभी, घरी या," एवढंच ते म्हणाले. मी पोचले तेव्हा हे गेलेले होते. अंगणात, गाडीशेजारी, रज्जाकभाईंच्या हातांवर.

रज्जाकभाई म्हणजे यांचे पूर्णा जंक्शनवरच्या नोकरीतले सोबती. दोघं बरोबरच निवृत्त झाले आणि त्यानंतर आमची जुनी पांढरी गाडी घरीच दुरुस्त करणं हा त्यांचा उद्योग झाला. गॅरेजात न्यायची नाही, हा यांचा हट्ट. गाडी चालायची कमी, उघडलेली असायची जास्त. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला बहुतेक वेळा दोन वाकलेल्या पाठीच दिसायच्या...

मला गाडीचा हेवा वाटतो, असं मी स्वतःला सांगत असे. ते तितकंसं खरं नव्हतं. हे तसे फार उतावळे. मी वाचलेलं काही सांगायला लागले की लगेच म्हणायचे, "शेवटी काय झालं ते सांग ना." माझ्या निऱ्या होईपर्यंत दारात चपला वाजवत उभे राहायचे. आणि हाच माणूस गंजलेल्या बोल्टापुढे मात्र तासन्‌तास बसायचा. बोल्टाची मुंडी तुटून उरलेला तुकडा आत राहिला की दोघांचा जणू सणच. भोवती तेल सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी हातोडीनं हलके टोले द्यायचे, पुन्हा तेल. "जोर लावू नको रे, रज्जाक. त्याच्या मनानं येऊ दे." इतका मऊ आवाज मी घरात क्वचितच ऐकला.

एकदा चहा देताना मी म्हणाले, "कधी माझ्यासाठीही बसा अशी वाट बघत."

"तू काय गंजलीस का?" हे म्हणाले.

"भाभी, तुमचं लय बरं हाय," रज्जाकभाई म्हणाले, "आमच्या घरी तर मलाच गंजलेला म्हनतेत."

दोघं इतके हसले की चहा बशीत सांडला. मीही हसले. आत आल्यावर लक्षात आलं, ते हसणं एकमेकांसाठी होतं. माझं बोलणं तसंच राहून गेलं होतं.

तेराव्यानंतर रज्जाकभाई हत्यारांची पिशवी घेऊन आले. "सायलेन्सरचा तेवढा एक बोल्ट राहिलाय, भाभी. काढून देतो. तसं बघवत न्हाई."

मी मनात धरून ठेवलेलं विचारलं. "शेवटचं काय म्हणाले?"

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "ह्याच बोल्टाला बघून 'हलला, रज्जाक, हलला!' म्हनले. लय खुश होते... मंग खाली बसले."

ऐकून बरं वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलं नाही. यांचा शेवटचा आनंद कुणीतरी पाहिला होता आणि ती मी नव्हते. तोंडात नावही माझं नव्हतं.

मी पदर खोचला. "द्या इकडं. मी काढते."

तुटलेल्या बोल्टात भोक त्या दोघांनी आधीच पाडलेलं होतं. त्यात उलट्या आट्यांची पोलादी कांडी बसवून डावीकडे फिरवायची, म्हणजे ती बोल्टाला धरून बाहेर आणते.

"हळू, भाभी. जरा तेल मुरू द्या. साहेब असते तर..."

"ते असते तर काय करते, हे मला सांगू नका."

मी सगळा जोर लावला. टक्‌ झालं. कांडी मोडली आणि तिचं टोक बोल्टातच अडकलं.

रज्जाकभाईंनी टॉर्च धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "कांडीचं पोलाद लय कडक, आता ह्याला ड्रिल बी लागायचं न्हाई," ते म्हणाले. "घरी तर हा निघतच न्हाई आता."

"राहू द्या," मी म्हणाले.

ते ओट्यावर बसून रडले. मी त्यांना पाणी दिलं. त्यांचं वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी यांच्या मृत्यूनंतर पहिल्यांदाच मला जरा मोकळं वाटत होतं. हे काम आता त्या दोघांचंच उरलं नव्हतं.

रज्जाकभाई अजून येतात, चहा घेतात, बॉनेट उघडत नाहीत. गाडी अंगणात उभी आहे. तिच्यात यांनी हलवलेला बोल्ट आहे, आणि त्या बोल्टात माझ्या हातून मोडलेलं पोलाद आहे.