मधूच्या नावाची गोगलगाय

माझ्या बायकोनं आपल्या मेलेल्या भावाचं नाव स्वतःच्या हातानं रद्द केलं होतं.

आज सकाळी कुसुम गेली.

दिवसभर माणसं येऊन गेली. बाई कडक होत्या, बाईंनी घडवलं, असं सांगत होती. ही गोष्ट त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती. म्हणून लिहितोय.

सत्तरचं दशक. कुसुम वर्ध्याला कॉलेजात झूलॉजी शिकवायची, मी बँकेत. तिथंच नालवाडीत राहायचो.

तिचं माहेर जवळच्या सिंदी रेल्वे या गावचं. शेतीवालं घर, धाकटा भाऊ मधू. त्यांच्या शेतात विहीर खोदताना काळ्या खडकाखाली पांढरट दगडाचा थर लागला. मधूनं एक तुकडा फोडून पाहिला, पिशवीत टाकला आणि पॅसेंजरनं थेट आमच्या घरी.

"ताई, दगडात गोगलगाई हायेत."

कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या तळ्यातल्या, दगड झालेल्या. काही उंच, निमुळत्या. त्या आधीपासून माहीत होत्या. काही मात्र बुटक्या, रुंद तोंडाच्या. तशा कोणी नोंदवल्या नव्हत्या.

त्याच पावसाळ्यात मधू काविळीनं गेला. लग्नही व्हायचं होतं त्याचं.

कुसुमनं बुटकी गोगलगाय ही नवी जात म्हणून पेपर लिहिला. शास्त्रीय नावात मधूचं नाव घातलं.

ते छापील पान सासूबाईंनी फ्रेम करून देवाजवळ लावलं. त्यांना वाचता येत नव्हतं. पण मधू कुठं लिहिलाय ते आल्या-गेल्याला बोट ठेवून दाखवायच्या.

पुढे काही वर्षांनी कुसुमनं अंगणात सिमेंटच्या टाक्या बांधल्या आणि त्याच कुळातल्या जिवंत गोगलगाई पाळल्या. एकाच आईची अंडी, दोन टाक्यांत. एकीत शांत पाणी. दुसरीत गच्चीवरच्या ड्रममधून नळीनं सतत वाहतं. तो ड्रम भरायची ड्यूटी माझी.

शांत पाण्यातली पिल्लं उंच, निमुळती झाली.

वाहत्या पाण्यातली बुटकी, रुंद तोंडाची.

कुसुम टाकीपाशी नुसती बसून राहिली. काय झालं विचारलं, तर म्हणाली, "मधूची जात वेगळी नाईच बहुतेक."

मी म्हटलं, जिवंत गोगलगाईंवरून दगडातल्यांचं कसं ठरवतेस? अजून एक सीझन बघ.

तिनं बघितलं. तेच. मग कपाटातले सगळे फॉसिल काढून चादरीवर मांडले. उंच इकडे, बुटके तिकडे. पण मधल्या आकाराचेही निघत गेले. इतके, की दोन जातींमध्ये रेघ मारायला जागाच उरली नाही.

जात एकच होती. पाणी बदललं तसा शंख बदलला होता.

गप्प राहता आलं असतं. कोणी विचारायला येणार नव्हतं.

मधूचं नाव रद्द करणारा दुसरा पेपर पाठवण्याआधी ती आईला सांगायला सिंदीला गेली. मी सोबत होतो. सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं.

"पोरगा तं गेलाच. नाव राह्यलं होतं, तेही तूच काढून राह्यली. काऊन?"

"आई, ते नाव खोट्या जागी हाये. तिथं मधूले कशी ठेवू?"

सासूबाई उठून आत गेल्या. जेवायला थांबा म्हणाल्या नाहीत.

मधू गेला तेव्हा आईला सावरता सावरता कुसुमचं रडायचं राहूनच गेलं होतं. दुसरा पेपर छापून आला, त्या दिवशी ती रडली. मी बाजूला बसून राहिलो.

सासूबाई तिच्याशी कितीतरी महिने बोलल्या नाहीत. मग एका दिवाळीत आपणहून नालवाडीला आल्या. पाणीसुद्धा न घेता विचारलं, पार पुसलं का नाव?

कुसुमनं सांगितलं, एकदा दिलेलं नाव शास्त्रात पार पुसत नाहीत. खऱ्या नावाखाली, हेही त्यातलंच म्हणून, बारीक अक्षरात लिहून ठेवतात. कायमचं.

"म्हणजे हाये तो?"

"हाये, आई."

मग त्यांनी पाणी घेतलं. दिवाळीभर राहिल्या.

सन पंच्याऐंशीच्या आसपास त्याही गेल्या. आता कुसुम.

खरं ते बोलायची किंमत काय असते, हे मी पुस्तकात नाही, माझ्या घरात पाहिलं.

श्रद्धांजली वगैरे माझ्याच्यानं लिहवत नाही.

सावकाश जाजो, कुसुम.