पाच हजारांचा धुरकरी

माझे थोरले साडू बैलांशी जेवढं बोलले तेवढं उभ्या जन्मात माणसांशी बोलले नसतील, आणि तरीही यवतमाळ जिल्ह्यात त्यांच्याइतका मान मिळालेला दुसरा अबोल माणूस मला माहीत नाही. हा मान त्यांना शंकरपटाने दिला. संक्रांत झाली, शेतं मोकळी झाली, की आमच्याकडे गावोगाव बैलजोड्यांची शर्यत लागते, तो शंकरपट. आणि हलक्या छकड्यावर उकिडवं बसून, जीव मुठीत धरून जोडी पळवतो तो धुरकरी. बैल मालकाचे, छकडा मालकाचा, बक्षीसही मालकाचं. धुरकऱ्याचे फक्त हात, आणि मोडली तर हाडं. साडू धुरकरी होते. मीही होतो. पण हे 'मीही' मला जन्मभर चिकटलं ते त्यांच्यामुळेच.

सासुरवाडीच्या ओसरीवर ते चपला घालून वावरत आणि गोठ्यात शिरताना मात्र बाहेर काढून ठेवत. सासूबाईंनी एकदा याचा जाब विचारला, तर म्हणाले, "तिथं ते झोपतात ना." बैलाला त्यांनी कधी चाबूक लावला नाही. जोडी सुटण्याआधी ते डाव्या बैलाच्या कानाशी तोंड नेऊन बराच वेळ काहीतरी पुटपुटत, आणि हजारो माणसं श्वास रोखून पाहत राहत. लोक म्हणत, मंत्र आहे. तो मंत्र चोरायला मी एकदा चाकाआड वाकून बसलो. साडू सांगत होते, "तुरीची दाळ लय महाग झाली गा. अन् तुह्या वहिनीनं काल पुन्हा भाजीत मीठ जास्त टाकलं." पुढच्या पटात मीही माझ्या बैलाला घरचं सगळं सांगून पाहिलं. त्याने माझ्या पायावर पाय दिला.

राळेगावात माझं शिलाईचं दुकान होतं. दर हंगामाला साडूंचा नवा सदरा मीच शिवायचा, आणि त्याला आतून एक चोरखिसा हवाच असे. त्यांना मिळतं किती, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पण माप घेणारा माणूस मी, मला सांगायची गरज काय? दरवर्षी तो खिसा एक बोट वाढायचा. एका वर्षी दोन बोटं वाढला, तेव्हा मी मुद्दाम कच्ची टीप घातली. मग लाज वाटून उसवली आणि पक्की घातली. पण घातली होती, हे खोटं कशाला बोलू?

पुढे कापसाचे वाईट दिवस आले. दिवाळीला नवे कपडे शिवायला येणारी माणसं जुन्यांना ठिगळं लावायला येऊ लागली, आणि ठिगळाचे पैसे मागायला माझी जीभ उचलेना. मुलगी पुसदला होस्टेलवर राहून शिकत होती. अशा दिवसांत पटाची कमाई ही माझ्यासाठी हौस उरली नाही. दिग्रसच्या एका जिनिंगवाल्या शेठच्या दोन जोड्या होत्या. पहिली, वकील आणि पटवारी नावाच्या बैलांची, साडूंकडे, दुसरी माझ्याकडे. पटाच्या दिवशी साडूंना न्यायला शेठची जीप यायची आणि मी दोन एसट्या बदलून पोचायचो. "भाऊजीच्या दारात जीप येते," माझी बायको म्हणायची, "तुमाले न्यायले साधी सायकलबी कोणी पाठवत नाई." एकाच घरच्या बहिणींना दिलेल्या पुरुषांना देवाने तरी पाहावं.

आणि एका पटात मी साडूंना हरवलं. घड्याळाच्या टिचकीएवढ्या फरकाने का होईना, पण दुसरी जोडी पहिलीच्या पुढे निघाली. शेठने मला दुपट्टा, नारळ आणि अडीचशे रुपये दिले. हरलेल्या साडूंच्या हातात नेहमीचं पाकीट ठेवलं. साडू मात्र इतके खूश, की जीप परत पाठवून माझ्यासोबत एसटीत बसले. दारव्ह्यापर्यंत मी दम धरला.

"भाऊ, तुमाले किती भेटते?"

ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "पाच."

"पाचशे?"

"हजार."

"अन् जितलो मी!"

"हो ना," ते कौतुकाने म्हणाले, "लय झ्याक पळवली तू."

तो नारळ माझ्या मांडीवर इतका जड झाला, की वाटलं द्यावा खिडकीबाहेर फेकून.

पुढच्या पटात सगळ्या जोड्या लागल्या, माइकवर साडूंचं नाव पुकारलं गेलं, आणि साडू छकड्यावर चढण्याऐवजी खाली धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मांडी घालून बसले. शेठ धावत आले. साडू म्हणाले, "टेलरले माह्याएवढेच द्या."

शेठ म्हणाले, "अरे, लोक तुले पाहाले येतात. त्याले पाहाले कोण येते?"

मी चार हातांवर उभा होतो. साडू म्हणाले, "मंग आज मले बसलेला पाहू द्या."

आणि खरोखरच बसले. अर्धा तास गेला, तास झाला, लोक ओरडू लागले, माइकवाल्याचा घसा बसला. साडू गवताची काडी चघळत होते. शेवटी शेठ माझ्यासाठी दीड हजारांवर आले आणि पट सुटला. मी काय करायला हवं होतं? धन्यवाद द्यायला हवे होते. पण माझ्या डोक्यात शेठचं ते एकच वाक्य घुमत होतं. माझा भावही ठरला तो त्यांच्या नावावर! त्या रागात मी जोडी अशी काही हाकली, की ती पट सोडून शेजारच्या कापसाच्या पऱ्हाटीत घुसली. परत आल्यावर मी साडूंना म्हणालो, "तुमच्या भिकेचे पैसे मले नाई पायजे."

साडू बैलाकडे वळले. "पाह्य गा वकील, याले कमी भेटले तरी राग, जास्त भेटले तरी राग. आता तूच सांग, मी काय करू?"

पैसे मी घेतले. घ्यावेच लागले, होस्टेलची फी तुंबली होती. घरी बायकोला मात्र सांगितलं, की शेठला अखेर माझी किंमत कळली. तिने ते बहिणीला सांगितलं, बहिणीने नवऱ्याला, आणि आठ दिवसांनी साडू आमच्या दारात उभे. मी घाईघाईने बायकोला चहा ठेवायला आत पाठवलं. चहा पिता पिता बायकोने विचारलंच, "खरं हाय का भाऊजी?" त्यांनी बशी खाली ठेवली. "शेठ तर सगळ्यायसमोर म्हणून राह्यलते, टेलरसारखा हात जिल्ह्यात नाई." एवढं लांब वाक्य त्यांनी माणसासमोर बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही खोटं. बायको माझ्याकडे बघून हसली. ते हसू मला त्यांनी दिलं होतं, आणि त्या क्षणी मला त्यांचा जेवढा हेवा वाटला तेवढा त्या पाच हजारांचाही वाटला नव्हता.

मग पटांवर कोर्टाची बंदी आली. पुष्कळ वर्षं पट बंद राहिले, आणि साडू गावातल्या लोकांच्या म्हशी चारू लागले. पुन्हा पट सुरू झाले तोवर त्यांची नजर अधू झाली होती. गेल्या हिवाळ्यात मी त्यांना हाताला धरून एका पटाला नेलं. दोरीच्या कडेला, गर्दीत, माझ्यासारखेच ते उभे होते. एकाही माणसाने त्यांना ओळखलं नाही. हाच दिवस पाहायला मी वीस-पंचवीस वर्षं तडफडलो होतो. पण दहा मिनिटंही मला ते सहन झालं नाही. शेजारच्याला म्हणालो, "हे कोण आहेत माईत आहे का?" तो म्हणाला, "कोण?" साडूंनी माझी बाही ओढली, "राहू दे गा." मी ऐकलं नाही. गर्दीतून वाट काढत माइकवाल्याकडे गेलो आणि त्यांचं नाव सांगितलं. त्याने ते चुकीचं पुकारलं. मी पुन्हा सांगितलं, एकेक अक्षर फोडून. परत आलो तेव्हा साडू टोपी सारखी करत, भलत्याच दिशेला तोंड करून, लोकांना हात जोडत होते. मी त्यांचे खांदे धरून त्यांना माणसांकडे वळवलं आणि जोरजोरात टाळ्या वाजवू लागलो. थोडा वेळ मी एकटाच वाजवत होतो.