लिंबाजीच्या टँकरची रेस

इंजिन खोलून पुन्हा जोडलं की एखादा नट उरतोच. गाडी सुरू झालेली असते, आवाजही बरा असतो, मग हा कुठला? मिस्त्री जरा वेळ त्याच्याकडं बघतो आणि डब्यात टाकून देतो. बोरी फाट्यावर रशीदभाईच्या गॅरेजात अशा उरलेल्या नटांचा एक डबा आहे, काठोकाठ भरलेला. किश्शांचंही तसंच. काम होतं, गाडी निघून जाते, आणि एक गोष्ट मागं उरते. मी जन्मभर ट्रक चालवला, आता त्या गॅरेजातल्या बाकड्यावर बसतो. माझाही डबा भरलाय. त्यातले हे काही, सगळे एकाच टँकरचे.

आधी टँकर सांगतो. चारठाण्याच्या पलीकडं माळावर एक वस्ती आहे. तिथं पिण्याचं पाणी टँकरनं जातं. वस्तीची टाकी उंचावर आणि रस्ता खाली, म्हणून टँकरलाच एक पंप बसवलेला. तो ट्रकच्या इंजिनवर चालतो. इंजिन नुसतं सुरू ठेवलं तर पाणी पाइपात अर्ध्यापर्यंत चढतं आणि तिथंच विचार करत बसतं. एक्सिलेटर दाबून रेस वाढवावी लागते, आणि टाकी भरेपर्यंत पाय हलवायचा नाही.

टँकर चालवायचा लिंबाजी. माझ्याच हाताखाली स्टिअरिंग धरायला शिकलेला. त्याचा उजवा गुडघा गेला. गाडी चालवताना पाय वरखाली होतो, तोवर ठीक. पण एकाच जागी दाबून बसला की गुडघा अडकायचा, आणि मग त्याला दोघांनी धरून खाली उतरवावं लागायचं.

टँकरचा मालक वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "लिंबाजी, मी तुला काढत न्हाई. तुझा गुडघाच तुला काढायलाय!"

लिंबाजी माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "नाना, मला दुसरं काहीच येत न्हाई."

मी म्हणालो, "मलाबी न्हाई. चल, बघू."

*

पहिल्यांदा मीच पाय देऊन बघितला. त्याच्यासोबत वस्तीवर गेलो, सीटवर बसलो आणि एक्सिलेटर दाबला. पण माझा पायही म्हातारा, त्याला थरथर. रेस वर, रेस खाली. पाइपातून पाणी यायचं, थांबायचं, पुन्हा यायचं.

टाकीजवळ गयाबाई उभी होती. वस्तीतली सगळ्यात वयस्कर बाई, पाण्याचा पहिला हंडा तिचा. तिनं वरून ओरडून विचारलं, "आज पाण्याला उचकी लागलीय का?"

*

मग लिंबाजीनं ओढ्यातला एक दगड आणला. चपटा, काळा, गुळगुळीत. पेडलवर ठेवला की रेस अगदी पाहिजे तेवढी! जरासुद्धा कमीजास्त नाही. आम्हालाच नवल वाटलं. दुसरे दगड ठेवून बघितले, एकाचंही वजन जमेना. तेव्हापासून तो दगड केबिनमध्ये मुक्कामाला. लिंबाजी खाली उतरून पाय मोकळे करायचा आणि दगड काम करायचा.

आता चारठाण्याकडची एक गोष्ट सांगायला पाहिजे. तिकडं जुनी देवळं. नांगर घातला तरी कोरीव दगड वर येतो. कुणाच्या बांधावर, कुणाच्या उंबऱ्याला, कुठंही. त्यामुळं तिकडच्या माणसाला साधा दगड कधी साधा वाटतच नाही.

एक दिवस टाकी भरून झाली, लिंबाजी पाइप गुंडाळत होता. केबिनचं दार उघडं. गयाबाईनं आत डोकावून बघितलं, दगड उचलला, पदरानं पुसला, हंड्यातल्या पाण्यानं धुतला आणि त्याला कुंकू लावलं. लिंबाजी येईपर्यंत वर एक फूलसुद्धा!

"मावशी, तो रेसचा दगड हाय."

"आरं, पायाशी ठेवतात का? किती झिजलाय बघ, पुसट नाकडोळे दिसायलेत. वर ठेव त्याला. काम तो वरूनच करील."

लिंबाजीनं दगड स्टिअरिंगच्या पुढं, काचेजवळ ठेवला. परतीच्या वाटेत मी म्हणालो, "उद्या पुन्हा पेडलवर ठेवू की."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "कुंकू लावलेल्याला एक्सिलेटरवर ठेवू? नाना, गुडघा गेलाय माझा, डोकं न्हाई!"

*

दगड गेला, ऊस आला. पेडल आणि सीट यांच्यामध्ये काहीतरी ठोकून बसवायचं, एवढंच. काठी बसवली तर ती ताठ, पेडलच वाकायला लागलं. ऊस कसा, थोडा दबतो, थोडा धरतो. लिंबाजीनं मापात एक कांडकं तोडून बसवलं. फारच छान चाललं.

चौथ्या की पाचव्या खेपेला मध्येच रेस पडली. पाणी थांबलं. आम्ही पंपाकडं धावलो. पंप ठीक. पाइप ठीक. डिझेल ठीक. वस्तीतले चारपाचजण बोनेटभोवती जमले, प्रत्येकाचं वेगळं निदान. मी सावकाश चालतो, म्हणून केबिनपाशी सगळ्यात शेवटी पोचलो आणि आत बघितलं. गयाबाईची शेळी पेडलजवळ अंग चोरून उभी होती आणि डोळे मिटून चघळत होती.

लिंबाजी टाकीकडं तोंड करून ओरडला, "मावशी! तुमच्या शेळीनं रेस खाल्ली!"

*

मग प्रकरण रशीदभाईकडं गेलं. रशीदभाई म्हणजे कुठलीही गाडी आली की आधी तिच्याशी बोलणारा मिस्त्री. त्यानं पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. खाली वाकून पेडलचा रॉड बघितला. मग आपल्या सायकलकडं बघितलं. मला तेव्हाच कळलं, आता त्या सायकलचं काही खरं नाही.

त्यानं सायकलच्या ब्रेकची मूठ काढून टँकरच्या डॅशबोर्डखाली बसवली. वायरचं एक टोक पेडलच्या रॉडला. मूठ दाबली की पेडल आपोआप खाली जातं, रेस वाढते. मूठ दाबलेली राहावी म्हणून तिच्यावर जुन्या ट्यूबचं एक कडं चढवायचं. झालं! बघायला रस्त्यावरचे चार ड्रायव्हर थांबले.

"काय नाव ह्याचं, रशीदभाई?"

"अभी पैदा हुआ है. आधी जगू द्या, मग बारसं करा!"

संध्याकाळी रशीदभाई त्याच सायकलवरून घरी निघाला. घर उताराच्या कडेला. दारात त्याची बायको हमीदाभाभी भाजी निवडत बसलेली. तिच्यासमोरून नवरा सुसाट पुढं गेला.

"अजी, घर इकडं हाय! जेवायचं न्हाई का?"

लांबून आवाज आला, "ब्रेक टँकरला दिलाय! चढ लागला की येतो!"

*

पुढचा किस्सा हसण्यासारखा नाही, पण डब्यात आहे म्हणून सांगतो.

गॅरेजसमोर लिंबाजी रेस लावून पंप तपासत होता. झालं तपासून. ट्यूबचं कडं काढायचं विसरला, गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी बैल उधळावा तशी उडाली आणि जुन्या टायरच्या ढिगात शिरली. त्या ढिगावर रोज दुपारी मी आडवा होतो. त्या दिवशी चहाला उठलो होतो.

लिंबाजी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. मी वर चढून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"नाना, तुमी तिथं असता तर?"

"मी चहा पीत होतो, बाबा. खाली उतर."

मालकाच्या कानावर गेलंच. तो आला, टायर बघितले, आणि यावेळी चेष्टा केली नाही. "आठ दिवसांनी मी वस्तीवर येतो. टाकी भरून दाखव. एकट्यानं. आणि मला भरवसा वाटला पाहिजे. न्हाई वाटला तर चावी माझ्याकडं दे, मनाला लावून घेऊ नको."

रशीदभाई ती मूठ दाबून सोडून बघायला लागला. मग म्हणाला, "गलती लिंबाजीची न्हाई. माणूस विसरणारच. हे असं पाहिजे, की माणूस विसरला तरी ह्याला आठवलं पाहिजे."

*

दोन दिवस त्याला काही सुचेना. जेवताना सुचलं. घरात कोपऱ्यात उंदराचा पिंजरा लावलेला होता. घास हातात तसाच धरून रशीदभाई त्याच्याकडं बघत बसला. पिंजऱ्याचं दार ताणून धरणारा तारेचा आकडा असतो. उंदरानं भाकरीचा तुकडा ओढला की आकडा सुटतो आणि दार खट्कन पडतं. बस्स!

त्यानं ट्यूबचं कडं काढलं आणि तिथं पिंजऱ्याचा आकडा बसवला. रेस धरून ठेवायचं काम आकड्याचं. आणि जिथं भाकरी लावतात तिथून एक तार थेट ब्रेकच्या पेडलला. गाडी हलवायच्या आधी ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जातोच. ती त्याची हाडात मुरलेली सवय. ब्रेक दाबला की तार ओढली जाणार, आकडा सुटणार, रेस खाली.

दुपारी हमीदाभाभी गॅरेजात आली. "माझा पिंजरा कुठं हाय? मला परत पाहिजे."

"टँकरात."

"का? टँकरात उंदीर झालेत?"

"न्हाई. एक लिंबाजी हाय."

*

आता परीक्षा घ्यायची तर लिंबाजीनं विसरायला पाहिजे! रशीदभाई म्हणाला, "लिंबाजी, रेस लाव. आता विसर."

लिंबाजी डोळे मिटून बसला. "विसरलो."

"विसरलो म्हणतोस म्हणजे आठवतंय की!"

चार वेळा केलं. चारही वेळा त्याचा हात आधी मुठीकडं. एवढा लक्षात ठेवणारा लिंबाजी मी जन्मात पाहिला नव्हता. शेवटी मी दाराशी उभा राहून सहज विचारलं, "तुझी नात आता बोलती का रे?"

झालं! लिंबाजीचा चेहराच बदलला. नात पिंगळीला, पोरीच्या सासरी. ती आजोबाला काय हाक मारते, स्टेशनात गाडी आली की आजोबाच आला म्हणून कशी पळते, तो सांगत सुटला. खाली इंजिन रेसवर गरजत होतं आणि तो हातवारे करत होता.

रशीदभाई पुढून ओरडला, "लिंबाजी, गाडी जरा मागं घे!"

"हौ," म्हणून बोलता बोलता त्यानं ब्रेकवर पाय ठेवला. खट्! इंजिनचा आवाज एकदम खाली आला, शांत, भात शिजत असल्यासारखा.

लिंबाजी बोलायचा थांबला. पायाकडं बघितलं, मुठीकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "ह्याला आठवलं की हो!"

*

आणि आता शेवटचा.

ठरल्या दिवशी मालक वस्तीवर आला. रशीदभाई आणि मी लांब, बाभळीखाली उभे. मदत करायची नाही असं ठरलेलं. लिंबाजीनं टँकर लावला, चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवले, पाइप जोडला, केबिनमध्ये जाऊन मूठ दाबून आकडा अडकवला आणि सावकाश खाली उतरला. एका हातानं गुडघा चोळत टाकीकडं बघत उभा राहिला.

इंजिनचा आवाज एका सुरात. पाणी चढलं आणि टाकीत धो धो पडायला लागलं. गयाबाईनं पहिला हंडा भरला, आणि केबिन रिकामी दिसली म्हणून तिथं येऊन थांबली.

मालकानं लिंबाजीकडं बघितलं. मग पायरीवर चढून केबिनमध्ये वाकला. सीटवर कोणी नाही. पेडलवर पाय नाही, ऊस नाही, काही नाही. तरी पेडल खाली दबलेलं! समोर काचेजवळ तेवढा तो काळा दगड, ताजं कुंकू लावलेला.

"आत तर कोणीच न्हाई," मालक म्हणाला. "रेस कोण धरून बसलंय?"

लिंबाजीनं तोंड उघडलं होतं. पण गयाबाई हंडा कमरेवर सावरत पुढं झाली.

"मी म्हणलं नव्हतं का, वर ठेव? काम तो वरूनच करील!"

मालक खाली उतरला. पायरीपाशी चपला काढल्या, पुन्हा वर चढला आणि हात जोडले. उतरताना लिंबाजीला एवढंच म्हणाला, "उद्या वेळेवर नीघ. आणि गुडघ्याला शेक देत जा."

लिंबाजी आमच्याकडं बघायला लागला. मी रशीदभाईकडं बघितलं. रशीदभाईनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"नाना, पिंजरा काढला तर आता दगडच बंद पडंल. हमीदाला तो परत कसा द्यायचा?"