निरगाठ

आमच्या उसाशेजारच्या रिकाम्या रानात धनगरांची मेंढरं बसली आहेत. थंडी वाढली तशी पारूबाई धनगरीण दिवस मावळताना राखणीच्या कुत्र्यांच्या पाठीवर जुनी गोणपाटं बांधते. काल थोरल्या काळ्याचं गोणपाट घसरताना दिसलं. मला राहवलं नाही. ती चुलीकडे वळल्यावर मी तिची गाठ सोडून पक्की निरगाठ मारली. काळ्यानं माझा हात चाटला.

माणसाची माया अशीच. मुलाची कानटोपी काय, आजाऱ्याची शाल काय, आवळून बांधली की आपल्यालाच बरं वाटतं. ऊब नेमकी कुणाला हवी असते, कोण जाणे.

आज संध्याकाळी पुन्हा गेलो. पारूबाई गोणपाटं बांधत होती.

"गाठी सैल राहतायत," मी म्हणालो.

"सुरगाठच मारायची, मालक. बिबट्यानं धरलं तर गोणपाट त्याच्या दातात ऱ्हातं आन् कुत्रं निसटतं."

मी उसाकडे पाहिलं. मग कुत्र्यांकडे.

"काळ्या कुठंय?"

"सकाळधरनं दिसला न्हाई," ती म्हणाली. "निसटला असंल. पन मग त्येचं गोणपाट कुठंतरी घावाय पायजे हुतं."