खडकावरचं कुंकू

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावाच्या थंडीत थिजलेलं खोबरेल तेल आज हीटरजवळ ठेवलं, आणि ते वितळल्याच्या वासानेच मी नाक दाबलं.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात माझा मित्र नितीन, भारतातून आलेले त्याचे आईवडील आणि मी युटाच्या वाळवंटात लाल खडक बघायला गेलो होतो. कलत्या उन्हात ते खडक आतून पेटल्यासारखे दिसत होते. त्यातल्या एका खडकात काकांना गणपती दिसला. झालं! काकूंच्या पर्समधून कुंकू आणि खोबरेल तेल निघालं. काकांनी तळहातावर लगदा कालवून खडकाला डोळे काढले, सोंड माखली.

"काका, प्लीज! नॅशनल पार्क आहे हे."

"अरे, देव आहे तो. लाखो वर्षं बिनपूजेचा बसलाय बिचारा."

उन्हाने तेल ओघळलं. त्या चिकट, लालभडक ओघळांवर माश्या घोंगावू लागल्या. काकांनी हात शेजारच्या खडकाला पुसले. शी!

मागून आलेल्या एका अमेरिकन आजींना ते आधी रक्तच वाटलं. कुंकू आहे हे कळल्यावर त्या ते ओल्या रुमालाने घासू लागल्या, तर डाग आणखीच पसरला.

"बघ, अभिषेक करतायत!" काका गहिवरले आणि त्यांनी हात जोडले.

तेव्हा किळस आली ती लगद्याची. आता येते ती आमच्या हावरेपणाची. एवढा देखणा खडक आम्हाला नुसता खडक म्हणून पुरला नाही.

मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं, साबणाने हात धुतले. त्या खडकाला धुवायला तिथे धड पाऊसही पडत नाही.