हो, आणि मागच्या गेटकडे

प्रभावती मेश्रामला फुकटचा गोडवा कधी जमलाच नाही. अकोल्याहून नोकरीसाठी दिल्लीत आली, मंत्रालयाच्या टपाल विभागात बत्तीस वर्षं काढली, आणि निवृत्त झाली तेव्हा साहेब सुटकेचा निःश्वास टाकत म्हणाले, ‘आता फाइली शांतपणे हरवतील.’ असली बाई रविवारी सकाळी रंगीत कागदांचे खेळ खेळायला का गेली? खोलीसाठी गेली.

गाझियाबादमधली त्यांची मराठी मंडळींची सोसायटी पाडून नवी बांधायची होती. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत ती आणि तिचा नवरा काशीनाथ दर रविवारी बुद्धवंदना घेत. आसपासची वीस-पंचवीस बौद्ध कुटुंबं यायची. काशीनाथ गेला, वंदना चालूच राहिली. नव्या नकाशात ती खोली नव्हती.

‘उद्याची वस्ती आपण मिळून इमॅजिन करू या,’ म्हणाला ऋग्वेद. हा नोएडाच्या कुठल्याशा सल्लागार कंपनीचा तिशीतला गडी. ‘आंटी, नियम सिंपल आहे. कागदावर एक कल्पना लिहायची, शेजारच्याला द्यायचा. तो ‘हो, आणि’ लिहून पुढे वाढवणार. नाव नाही, टीका बिल्कुल नाही.’

टीका नाही! प्रभावतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खोलीसाठी तिने राग गिळला आणि लिहिलं, ‘तळमजल्यावर एक खोली. रविवारी वंदना, इतर दिवशी सगळ्यांची.’

कागद सहा जणांत फिरून परत आला. कुणी लिहिलं होतं, ‘हो, आणि पुस्तकांचं कपाट.’ कुणी, ‘हो, आणि व्हीलचेअरसाठी उतार.’ शेवटची ओळ होती, ‘हो, आणि ह्या लोकांना वेगळी विंगच द्या, मागच्या गेटकडे. म्हणजे बाकीच्यांना अवघडल्यासारखं होणार नाही.’

बत्तीस वर्षं पाकिटांवरची अक्षरं वाचलेल्या बाईला नाव कशाला हवं? उजवीकडे कललेलं, रेघ सोडून वर जाणारं ते अक्षर हेमांगीचं होतं. समोरच्या दारातली हेमांगी. काशीनाथच्या आजारपणात जिने दोन महिने डबा दिला, ती.

प्रभावतीने कागद मोठ्याने वाचला, एकही शब्द न गाळता.

‘अच्छा,’ ऋग्वेद घाईने म्हणाला, ‘भावना समजून घेऊ. ह्याला आपण शांत विभाग म्हणू या.’ त्याने कात्रीने सगळ्यांच्या ओळी वेगळ्या केल्या, भिंतीवर चिकटवल्या आणि प्रत्येकाच्या हातात तीन हिरवे ठिपके दिले. आवडेल त्या कल्पनेखाली ठिपका लावायचा.

आणि लावले की हो लोकांनी! शांत विभागाखाली बघता बघता नऊ ठिपके. त्यांत वंदनेनंतरची खीर वाटीभर मागून नेणारेही होते.

प्रभावती उठली. पर्समधलं पेन काढलं, त्या ओळीखाली ठसठशीत लिहिलं, ‘कल्पना : हेमांगी, फ्लॅट दोनशे चार.’

‘आंटी, नाव नको ना, यार...’

‘तू गप्प बस.’

हेमांगीचा चेहरा पांढराफटक पडला. ‘प्रभा, अगं, तुझ्यासाठी नव्हतं लिहिलं. तू आमच्यातलीच आहेस. मी त्या बाहेरून येणाऱ्या...’

‘ती माझी माणसं आहेत. काशीनाथला खांदा कुणी दिला, विसरलीस? तुझा नवरा गॅलरीतून बघत होता.’



‘चला,’ प्रभावती सगळ्यांकडे वळली, ‘आता लावा ठिपके. नाव लिहिलंय, आता लावा.’

कुणी उठेना. ज्यांचे ठिपके उरले होते, ते तळहातात घेऊन खाली बघत राहिले. दहावा ठिपका कुणी लावला नाही. आधीच्या नऊंतला एकही कुणी काढला नाही.

प्रभावतीने आपले तिन्ही ठिपके खोलीच्या कागदाखाली लावले आणि थांबली. चांगली पाच मिनिटं थांबली. तिथे चौथा पडला नाही.