अनंताचा समाचार

चारचौघांत सांगू नकोस, असं आमच्या ह्यांनी बजावून ठेवलंय. पण तुम्ही काही चारचौघं नाही, आपलीच माणसं. तर ऐका, वादळ किनाऱ्याला लागायच्याही आधी मी एक अख्खी नर्सरी कशी भुईसपाट केली ते. तीसुद्धा स्वतःची.

शीळफाट्याच्या जरा अलीकडे, रस्त्याला लागून आमची नर्सरी. मागे पत्र्याची एक खोली, तेच आमचं घर. आमचे हे, म्हणजे दिनेश, ठाण्यातल्या सोसायट्यांच्या बागा बघतात आणि नर्सरी मी बघते. माझं शिक्षण सातवी. पण झाडं कुठे सर्टिफिकेट मागतात? आम्हाला एक मुलगी, पूर्वा, चार वर्षांची. ती नुसती शिंकली तरी मला घाम फुटतो. स्वभावच तसा, काय करू?

आता लोक घरात रंगकाम काढतात, गावाला जातात, तेव्हा आपली झाडं आमच्याकडे सांभाळायला ठेवतात. नौपाड्याच्या कुसुमकाकूंचा अनंत असाच आमच्याकडे आलेला. त्यांच्या गॅलरीचं काम निघालं होतं. काकू शाळेत शिकवायच्या, आता एकट्याच असतात. अनंत काकांनी लावलेला. काका गेले आणि त्यानंतर दोन पावसाळे ते झाड फुललंच नाही.

आमच्याकडे आल्यावर मात्र काय झालं कोण जाणे, त्याने एक कळी धरली. एकच, पण चांगली टपोरी. मी फोनवर सांगितलं तर काकूंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, "सुरेखा, एवढी एक उमलू दे गं."

झालं. त्या दिवसापासून ती कळी म्हणजे माझी दुसरी मुलगी. सकाळी उठले की आधी पूर्वाच्या कपाळाला हात लावायचा, मग कळीला. काकूंचे दिवसातून दोन फोन. आज जेवला का तो, एवढंच विचारायचं बाकी होतं.

आणि अशात वादळाची बातमी आली. चक्रीवादळ समुद्रातून निघालंय, उद्या संध्याकाळी ठाणे-कल्याणलाही तडाखा बसणार. टीव्हीवर तो पांढरा भोवरा गरगर फिरत होता आणि मी पूर्वाला मांडीवर घट्ट धरून बसलेली.

हे मात्र शांत. ह्यांच्या वडिलांची कोकणात वाडी होती, त्यामुळे ह्यांना वाऱ्याची सवय.

"हे बघ, वारा उभ्या झाडाला पाडतो," हे म्हणाले. "आधीच निजवलेल्या झाडाला काय पाडणार? उंच कुंड्यांना भरपूर पाणी घाल, आडव्या कर, एकमेकींना चिकटवून ठेव आणि वरून जाळी टाक. वारा गेला की उभ्या करायच्या."

"आणि काकूंचा अनंत?"

"तोही निजव. त्याला काय वेगळी गादी पाहिजे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हे धोकादायक फांद्या तोडायला ठाण्याला गेले आणि मी कुंड्या निजवायला घेतल्या. शे-दीडशे कुंड्या असतील. पूर्वा माझ्या मागे मागे, प्रत्येक झाडाला थोपटत. "गाई गाई कर हं. वारा आला तरी डोळे उघडायचे नाहीत." माझ्यापेक्षा तिचा धीर मोठा.

अनंत सगळ्यात शेवटी. कळीला जाळी घासू नये म्हणून सासऱ्यांचं जुनं धोतर काढलं, मऊसूत, पांढरं. त्यात झाड नीट गुंडाळलं आणि भिंतीच्या कडेला, सगळ्यांच्या पुढे आडवं ठेवलं. पूर्वाने कुठून तरी एक झेंडू आणून त्याच्यावर ठेवला. "त्याला खेळायला," म्हणाली. मी म्हटलं, असू दे.

तेवढ्यात काकूंचा फोन. "सुरेखा, मला एक फोटो पाठव बाई. नुसता डोळ्यांनी बघते."

मी स्टुलावर चढले, म्हणजे सगळं एकदम दिसेल. वर रणरणतं ऊन, फोनच्या पडद्यावर काही म्हणजे काही दिसेना. अंदाजानेच बटण दाबलं आणि फोटो पाठवून दिला. खाली काही लिहिलं नाही. मला टाईप करायला वेळ लागतो आणि पूर्वाला बालवाडीत सोडायचं होतं. म्हटलं, फोटोत दिसतंयच की सगळं.

दिसलं ना. काकूंना सगळं दिसलं.

आता तुम्ही काकूंच्या जागी बसून बघा. नौपाड्यात खुर्चीवर बसलाय, चष्मा लावलाय. समोर फोटो. सगळी झाडं जमिनीवर आडवी. आणि सगळ्यांच्या पुढे काकांनी लावलेला अनंत, पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या कापडात, छातीवर झेंडूचं फूल.

काकूंनी मला फोन केला नाही. त्यांनी तो फोटो त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'शीळफाट्याला वादळ आले. आमचा अनंत गेला.' काकू शिक्षिका, त्यामुळे शुद्धलेखन एकदम चोख.

मंडळात तीस-चाळीस बायका. पुढचं काय सांगू? कुणी तो पुण्याला पाठवला, कुणी सुनेला, कुणी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. कुणा हौशी माणसाने त्याला लाल गोल मारला, बाण काढले आणि खाली जाड लाल पट्टी चिकटवली, 'शीळफाट्याजवळ नर्सरी भुईसपाट, वारे डोंबिवलीच्या दिशेने.' त्या पट्टीखाली धोतरातला अनंत पार झाकून गेला.

यातलं मला काहीच माहीत नाही. मी साडेबाराला बालवाडीच्या दारात उभी, पूर्वा सुटायची वाट बघत. फोन वाजला. माझा धाकटा भाऊ प्रशांत, कल्याणला असतो, त्याने एक फोटो पाठवलेला. 'ताई, हे तुमच्या इथलं का?'

मी फोटो मोठा करून बघितला. दहा हातांतून फिरून आलेला, पार धुरकट. वरून काढलेला. आणि खरं सांगते, आपली नर्सरी वरून कशी दिसते ते मी जन्मात कधी बघितलं नव्हतं. काढतानाही नाही. झाडं अशी ओळीने लोळलेली बघून माझ्या काळजाचं पाणी झालं. कुणाची असेल बिचाऱ्यांची?

आणि मी प्रशांतला उत्तर दिलं. टाईप करायला वेळ लागतो ना मला? पण तेव्हा कसा कोण जाणे, हात भराभर चालला. 'हो. इथलंच आहे. खरं आहे. घराबाहेर पडू नका.'

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. मी तो फोटो बालवाडीच्या आयांच्या ग्रुपवर टाकला, डोंबिवलीच्या नणंदेला टाकला, शेजारच्या दोन नर्सरीवाल्यांना टाकला. सगळ्यांना तेच, खरं आहे. आणि पूर्वाला कडेवर घेऊन धावत सुटले. रस्त्यावर पान हलत नव्हतं. रिक्षावाले निवांत तंबाखू मळत बसलेले. मला त्यांची कीव आली. बिचाऱ्यांना माहीतच नाही.

नर्सरीच्या फाटकातून आत शिरले आणि बघते तर काय, सगळ्या कुंड्या आडव्या.

मी मटकन खाली बसले. "गेलं गं पूर्वा, आपलं सगळं गेलं."

पूर्वाने माझा पदर ओढला. "आई, ती झोपलीयत. आपणच झोपवलं ना?"

हां. खरंच की. जीव भांड्यात पडला. म्हणजे आमच्यावर अजून यायचंय. ती भुईसपाट झालेली नर्सरी दुसऱ्याच कुणाची तरी. आणि हे सगळं मोठमोठ्याने मी चार वर्षांच्या पोरीला समजावून सांगतेय.

मग वाटलं, एवढ्या मोठ्या वाऱ्यात काकूंचा अनंत बाहेर नको. तो घरात घेऊ. धोतर सोडलं, कुंडी उचलली. पाणी पाजून पाजून दगडासारखी जड झालेली. तशीच ओढत उंबऱ्यापाशी आणली, एका हातात कुंडी, दुसऱ्या हाताने पूर्वाला आत ढकलतेय. आणि दाराच्या कडीत काहीतरी अडकलं. मी घाईघाईत हिसका दिला.

एवढासा आवाज झाला. टक्.

कळी उंबऱ्यावर पडली होती.

तुम्हाला सांगते, त्यानंतर मला वादळाचीही भीती वाटेना. अनंत कॉटवर ठेवला, पूर्वाला घेऊन कॉटच्या खाली शिरले आणि तिथे कळी मुठीत धरून रडत बसले. दोन पावसाळ्यांनी धरलेली. एवढी एक उमलू दे म्हणालेल्या काकू. आता त्यांना काय तोंड दाखवू?

दार वाजलं. बाहेर रिक्षा थांबलेली आणि दारात काकू. पांढरं सुती लुगडं, हातात पिशवी, डोळे सुजलेले.

मी कॉटखालून डोकं बाहेर काढलं. "काकू, तुम्ही? अशा वेळी घराबाहेर पडलात?"

"अशा वेळीच यायचं असतं गं," काकू म्हणाल्या आणि दाराशीच जमिनीवर बसल्या. "फोनवर काय विचारायचं? माणसाने समक्ष यावं." पिशवीतून त्यांनी डबा काढला. "पिठलं-भात आणलाय. आज काही तुझी चूल पेटली नसेल. दोन घास खाऊन घे, पोरीलाही दे."

बघा हं. बाई अनंताच्या समाचाराला आलेली. गेलेल्या माणसाच्या घरी नेतात तसा डबा घेऊन. आणि मला वाटलं, ह्यांना कळीचं कळलंच कसं?

"काकू, मला माफ करा," मी हुंदके देत म्हणाले. "माझ्या हातून झालं."

"तुझा काय दोष? निसर्गापुढे कोणाचं चालतं?" काकूंनी पदराने डोळे पुसले. "मला फक्त सांग, त्याला कुठे ठेवलंय?"

"हा काय, कॉटवर."

काकूंनी वर बघितलं. अनंत कॉटवर ताठ उभा, हिरवागार, पानापानावर तजेला. काकूंचा हात तोंडावर गेला.

"अगं, हा तर जिवंत आहे."

"मग? त्याला काय झालंय?"

"तूच तर फोटो पाठवलास. पांढऱ्या कापडात."

"अहो, ते तर सासऱ्यांचं धोतर," मी म्हटलं. तेवढ्यात हे आले, मोटारसायकल तशीच टाकून. हातात फोन. "सुरेखा, तुझ्या भावाने हे काय पाठवलंय? म्हणतो, ताईने सांगितलंय, खरं आहे."

"खरंच आहे अहो. कुठल्या तरी बिचाऱ्यांची..."

पूर्वा पिठल्याचा हात तसाच घेऊन फोनपाशी आली. फोटोच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा माझा फ्रॉक."

बघितलं तर खरंच. दोरीवर वाळत घातलेला पिवळा फ्रॉक. तिच्या वाढदिवसाला मीच शिवलेला.

हे खाली बसले आणि खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतायत.

"अगं, माझ्या फोटोला मीच घाबरले," मी काकूंना म्हटलं. आणि हसू यायच्या ऐवजी पुन्हा रडूच आलं, कारण मूठ अजून बंद होती. ती उघडून काकूंपुढे धरली. "पण हे खरं आहे. ही मी मोडली. वाऱ्याने नाही."

काकूंनी कळी उचलली, तळहातावर ठेवली. तिचा मोडलेला देठ बोटाने चाचपला. मला वाटलं, ओरडल्या तर बरं. मग त्यांनी पाण्याचा पेला मागितला आणि कळी त्यात ठेवली.

संध्याकाळी वारा आला. पत्रे थडथडले, पाऊस झाला, समोरच्या जांभळाची एक फांदी पडली. काकूंना आम्ही जाऊ दिलं नाही. चौघांनी मिळून पिठलं-भात संपवला.

सकाळी उठून बघतो तर आमची एकही कुंडी फुटली नव्हती. आणि पेल्यात अनंत उमललेला. खोलीभर वास.

"काकू, देवाला वाहा," मी म्हटलं.

"खाली पडलेलं देवाला चालत नाही," काकू म्हणाल्या. फूल पेल्यातून काढून त्यांनी पदराने टिपलं. "काका असताना पहिलं फूल नेहमी देवाला जायचं. मी म्हणायचे, एकदा तरी मला द्या." मग आमच्या तडा गेलेल्या आरशात बघून त्यांनी ते फूल आपल्या अंबाड्यात खोचलं. काका गेल्यापासून त्यांच्या केसांत मी काहीच बघितलं नव्हतं. "बरी दिसते का गं?"

मी पुढे होऊन फुलाचा देठ नीट खोचला.

तेवढ्यात फोन वाजला. प्रशांत.

"ताई, किती नुकसान झालं गं? खरं सांग."

"काही नाही रे. एक कळी मोडली. तीसुद्धा मीच मोडली."

तो अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसा म्हणाला, "भावोजी जवळ आहेत का? त्यांना फोन दे. तुला धक्का बसलाय, ताई."

आणि तो आला. चार मित्र, दोन फावडी आणि पिठलं-भाताचा डबा घेऊन.